नवाहो पुलावरचा कॉन्डॉर: टॅग वाचता येईल असा फोटो कसा काढावा

अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या उत्तर टोकाला मार्बल कॅन्यनवर दोन लोखंडी पूल शेजारी-शेजारी उभे आहेत. जुना 1929 चा, आता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. नवा 1995 चा, त्यावरून 89ए महामार्ग जातो. खाली सुमारे 140 मीटरवर कोलोरॅडो नदी वाहते. नव्या पुलाच्या पोटातल्या आडव्या तुळयांवर कॅलिफोर्निया कॉन्डॉर, म्हणजे अमेरिकेतली प्रचंड गिधाडं, येऊन बसतात, रात्री मुक्कामही करतात. जगातल्या सर्वांत दुर्मिळ पक्ष्यांपैकी एक, पंखांचा पसारा जवळपास तीन मीटर, आणि तो पन्नास मीटरच्या आत बसलेला दिसतो. अशी जागा दुसरी सांगणं कठीण आहे.

प्रकरण असं आहे. एप्रिलमधली सकाळ. नव्या पुलाच्या तुळईवर एक प्रौढ कॉन्डॉर बसलाय, अर्धा सावलीत. जुन्या पुलावर फोटोग्राफर उभा आहे, हातात 500 मिलिमीटरपर्यंतची झूम लेन्स. पक्षी तासाभरात उडेल. तेवढ्या वेळात काय करायचं, कुठे उभं राहायचं, काय बिघडतं आणि का बिघडतं, हे एकेक करून पाहू. एक गोष्ट आधीच ठाम सांगतो: या पक्ष्याच्या पंखावर ओळखीसाठी बसवलेला टॅग फोटोतला डाग समजू नका. ज्या फोटोत टॅगवरची खूण वाचता येते तो फोटो जास्त मोलाचा, मग पक्षी कितीही सुंदर कोनात उडत असो.

टॅग आहे म्हणून पक्षी आहे

1982 मध्ये जगात फक्त 22 कॉन्डॉर उरले होते. 19 एप्रिल 1987 ला रानातला शेवटचा पक्षी पकडला गेला. तेव्हा सगळे मिळून 27 पक्षी, आणि सगळे पिंजऱ्यात. प्राणिसंग्रहालयांत त्यांची वीण वाढवून 1992 पासून कॅलिफोर्नियात पक्षी परत रानात सोडायला सुरुवात झाली. ॲरिझोनात पहिली सोडणी डिसेंबर 1996 मध्ये झाली, पुलाच्या पश्चिमेला दिसणाऱ्या व्हर्मिलियन क्लिफ्सच्या माथ्यावरून. आज रानातले आणि पिंजऱ्यातले मिळून साडेपाचशेहून जास्त पक्षी आहेत. त्यांतले निम्म्याहून जास्त मोकळ्या आकाशात आहेत.

हे आपोआप झालेलं नाही. मादी एका वेळी एकच अंडं घालते आणि बहुतेकदा एक वर्ष सोडून दुसऱ्या वर्षी. पिल्लू उडायला सहा महिने लागतात. वीण सुरू व्हायला पक्ष्याचं वय सहा-सात वर्षांचं व्हावं लागतं. त्यामुळे एक प्रौढ पक्षी दगावला तर ती जागा भरून यायला वर्षं जातात. म्हणूनच प्रत्येक पक्ष्याला वंशनोंदवहीत स्वतंत्र क्रमांक आहे, आणि त्याची खूण पंखाच्या पुढच्या कडेवरच्या टॅगवर असते. कुठे नुसता अंक, कुठे अक्षर आणि अंक. टॅग बसवतात ती जागा म्हणजे खांदा आणि मनगट यांच्यामधली कातडीची पातळ घडी. टॅगला चिकटून बारीक अँटेना दिसली तर तो ट्रान्समीटर. झायन राष्ट्रीय उद्यानात 2019 मध्ये रानातच जन्मलेल्या पिल्लाची खूण ‘1के’ आहे, कारण नोंदवहीतला हजारावा क्रमांक त्याच्या वाट्याला आला. खूण वाचता आली की समोरच्या पक्ष्याचं वय, आई-बाप, जन्म पिंजऱ्यातला की कड्यावरचा, हे सगळं शोधता येतं. एवढा इतिहास एका फोटोतून हाती लागतो, हा आनंद इतर पक्ष्यांच्या बाबतीत क्वचितच मिळतो.

पन्नास मीटरच्या आतलं गणित

दोन पुलांमधलं अंतर सुमारे 45 मीटर आहे. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 500 मिलिमीटर लावलं तर 45 मीटरवर चौकटीची रुंदी साधारण सव्वातीन मीटर येते आणि उंची दोन मीटरच्या थोडी वर. म्हणजे बसलेला पक्षी चौकटीत झकास बसतो, पण त्याने पंख पसरले की दोन्ही टोकं कडांना टेकतात. टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारं जोडभिंग) लावून 700 केलंत तर पसरलेले पंख नक्की कापले जाणार. एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 300 मिलिमीटरनेही साडेतीन मीटर रुंदी मिळते. त्यामुळे या पुलासाठी 100-400 किंवा 150-500 अशी झूम पुरते. लाखालाखाची 600 ची फिक्स्ड लेन्स भाड्याने घेऊन येणारे लोक पक्षी उडाला की झूम कमी करता न आल्याने हळहळतात. ती इथे अडचणच ठरते.

पक्षी बसला असताना 300 ते 500 वर डोकं आणि टॅग टिपून घ्या. त्याने पंख सैल केले, मान पुढे काढली, पायांची चुळबुळ सुरू केली की झूम 250 च्या आसपास आणून ठेवा. कॉन्डॉर उडी मारल्यासारखा तुळईवरून खाली सुटतो, वर उठत नाही. पहिल्या दोन-तीन सेकंदांत तो चौकटीच्या खालच्या कडेतून निसटतो. म्हणून पक्षी चौकटीच्या वरच्या भागात ठेवून खाली मोकळी जागा सोडायची.

ट्रायपॉड आणू नका असं नाही, पण जुन्या पुलावरून माणसं चालत असतात आणि लोखंडाचा पूल पावलागणिक थरथरतो. ती थरथर ट्रायपॉडच्या पायांतून सरळ लेन्समध्ये येते. शटर 1/60 सेकंदावर असेल तर फोटो हलणारच. हातात धरून, कोपर अंगाशी टेकवून, स्टॅबिलायझेशन चालू ठेवून 1/500 वर काढलेला फोटो ट्रायपॉडवरच्या 1/60 पेक्षा धारदार येतो. कठड्यावर लेन्स टेकवली तरी तीच गोष्ट.

कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात किंवा मनगटात हवाच. लेन्सचं झाकण खिशात, हूड फिरवून घट्ट. खाली नदीतून लीज फेरी या घाटावरून निघालेल्या राफ्ट जात असतात. 140 मीटरवरून पडलेलं झाकणही माणसाला इजा करू शकतं. आणि कोणाला लागलं नाही तरी तो तुकडा कॉन्डॉरच्या वाटेत पडतो. त्याचं काय होतं ते पुढे येईल.

उजेड

जुना पूल वरच्या अंगाला आहे, नवा प्रवाहाच्या खालच्या अंगाला. नदी इथे साधारण नैर्ऋत्येकडे जाते. म्हणजे जुन्या पुलावरून नव्याकडे पाहताना सकाळचं ऊन तुमच्या पाठीकडून किंवा बाजूने येतं आणि तुळयांच्या आतपर्यंत शिरतं. पूर्वेला एको क्लिफ्सची भिंत असल्याने सूर्य थोडा उशिरा पोचतो, पण पोचला की दहाच्या सुमारापर्यंतचा वेळ सोन्यासारखा. त्यानंतर ऊन डेकवर, म्हणजे पुलाच्या रस्त्यावर चढतं, पोटातल्या तुळया सावलीत जातात, आणि दुपारनंतर तुम्ही सूर्याच्या दिशेने कॅमेरा धरून उभे राहता.

योगायोगाने पक्ष्याचं वेळापत्रकही तुमच्या सोयीचं आहे. आठ-दहा किलोचा हा पक्षी पंख मारत उडायला नाखूष असतो. खडक तापून हवा वर उठेपर्यंत तो बसून राहतो. सकाळी ऊन अंगावर आलं की पंख पूर्ण पसरून पाठ उन्हाकडे करतो आणि मिनिटंच्या मिनिटं तसाच उभा राहतो. टॅग टिपायला याहून चांगली वेळ नाही, कारण बसलेल्या पक्ष्याचा टॅग पिसांखाली अर्धा झाकलेला असतो आणि उडत्या पक्ष्याचा वाऱ्याने वाकलेला.

एक्सपोजर, आणि फोटो बिघडतात ते इथे

पक्षी काळा, पंखाखालचा त्रिकोण पांढरा शुभ्र, डोकं नारिंगी-गुलाबी, मागे तांबडा कडा किंवा सावलीतली दरी. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला यातलं काय खरं मानावं ते कळत नाही. आकाश मागे असेल तर पक्षी कोळशासारखा येतो. दरीची काळी सावली मागे असेल तर मीटर सगळंच उजळ करायला जातो आणि टॅगवरची खूण पांढऱ्या ठिपक्यात विरघळते. दुसरी चूक जास्त वाईट, कारण जळालेला पांढरा नंतर परत आणता येत नाही.

उपाय म्हणजे मॅन्युअल, म्हणजे आकडे आपणच ठरवायचे. स्वच्छ उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 400, एफ (लेन्सच्या छिद्राचं माप) 6.3, शटर 1/1600 इथून सुरुवात करा. काळ्या पिसांत थोडी नक्षी दिसेल आणि पांढरा त्रिकोण अगदी काठावर राहील. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) उजव्या कडेला टेकला तर शटर 1/2000 करा. पार्श्वभूमी आकाशाची असो की दरीची, पक्ष्यावर पडणारं ऊन तेच आहे, म्हणून आकडे बदलायचे नाहीत. ऑटोवर असलेला कॅमेरा पक्षी कड्यावरून आकाशात जाताना दर फ्रेमला मत बदलतो आणि पन्नास फोटोंतले चाळीस फुकट जातात.

पोटातल्या सावलीत पक्षी असेल तर उजेड चार-पाच स्टॉपने कमी (दर स्टॉपला निम्मा). तिथे आयएसओ 1600 ते 3200, शटर 1/320 ते 1/640, एफ 6.3. सावलीत निळसर झाक येते. व्हाइट बॅलन्स 6500 ते 7500 केल्व्हिनच्या मध्ये ठेवला की डोक्याचा खरा रंग येतो. याउलट उडता पक्षी तांबड्या कड्याजवळून गेला की खडकावरून परतलेला उजेड पंखाखालच्या पांढऱ्यावर पडतो आणि तो त्रिकोण जर्दाळूच्या रंगाचा दिसतो. ती झाक काढून टाकू नका. ती त्या दरीचीच आहे.

फोकसचा घोळ वेगळा. 500 मिलिमीटर, एफ 6.3, 45 मीटर या हिशेबाने धारदार पट्टा जेमतेम तीन मीटर जाडीचा मिळतो. पक्ष्याच्या पुढे आणि मागे लोखंडाची जाळी, त्यावर रिबिटांच्या रांगा. कॅमेऱ्याचा फोकस सरळ, ठसठशीत कडांना भुलतो आणि रिबिटं लख्ख, पक्षी मऊ असे फोटो निघतात. पक्ष्याचा डोळा ओळखणारी प्रणाली असली तरी प्रौढाचं बोडकं डोकं आणि पिल्लाचं काळपट डोकं तिला चकवतं. बसलेल्या पक्ष्यासाठी एकच लहान फोकस-बिंदू घ्या आणि तो डोळ्यावर नाही तर मानेभोवतीच्या पिसांच्या कॉलरवर ठेवा. तिथे पोत भरपूर असतो. टॅगसाठी वेगळे दोन-तीन फोटो, बिंदू टॅगवर. सूर्य टॅगवर थेट चमकत असेल तर पुलावर दहा-पंधरा पावलं सरका, चमक जाते.

अकरानंतर हवा थरथरायला लागते. डांबर आणि लोखंड तापलं की फोटो लेन्स वाईट असल्यासारखे दिसतात. त्याला कोणतीही सेटिंग लागू पडत नाही. कॅमेरा बॅगेत ठेवा आणि दुर्बीण काढा.

बघायचं काय

दुरून येणारा काळा पक्षी कॉन्डॉरच असेल असं नाही. टर्की गिधाड इथे भरपूर आहे. ते पंख उथळ ‘व्ही’सारखे वर धरतं, डुलत उडतं, आणि त्याच्या पंखाखालचा रुपेरी भाग मागच्या कडेला असतो. कॉन्डॉरचा पांढरा पुढच्या कडेला असतो, पंख सपाट फळीसारखे, आणि वाऱ्यात तो हलत नाही. सोनेरी गरुडाच्या पिल्लाच्या पंखाखालीही पांढरे ठिपके असतात, पण शेपटीच्या बुडाशीही पांढरं दिसतं.

वयाचा अंदाज डोक्यावरून. पहिली दोन-तीन वर्षं काळपट राखाडी. मग मानेकडून रंग चढू लागतो. सहाव्या वर्षाच्या आसपास पूर्ण नारिंगी. पंखाखालचा पांढराही तोपर्यंत मळकट, ठिपकेदार असतो. नर आणि मादी मात्र दिसायला सारखेच. ते कोण हे टॅगच सांगतो. दोन पक्षी शेजारी बसून एकमेकांची मान चोचीने साफ करताना दिसले तर थांबा आणि नुसतं बघा. मानेची कातडी फुगवून, कॉलर उभी करून एकमेकांना जागा दाखवणं, एकाने दुसऱ्याला तुळईवरून हुसकणं, हे सगळं तासभर स्थिर उभं राहिलं तरच दिसतं.

पक्षी जवळ आला तर

कॉन्डॉर जिज्ञासू असतो. माणसांची गर्दी जमली की तो मुद्दाम जवळून चक्कर मारतो, कधी कठड्यावर येऊन बसतो. ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानात कॉन्डॉरपासून 30 मीटर अंतर राखायचा नियम आहे. पुलावर पक्षी तुमच्या पायाखालच्या तुळईवर असेल तर ते अंतर पाळणं तुमच्या हातात नसतं, पण कठड्यावर बसला तर मागे सरणं हातात असतं. सरकताना आवाज नको, आणि मोबाइल घेऊन त्याच्याकडे जाणाऱ्या इतरांनाही शांतपणे थांबवा. माणसाला सरावलेला कॉन्डॉर पुढे तंबू फाडतो, गाड्यांचे वायपर उपटतो, आणि शेवटी त्याला रानातून काढून पिंजऱ्यात ठेवायची वेळ येऊ शकते. राष्ट्रीय उद्यान सेवेच्या हद्दीत ड्रोनला बंदी आहे. पुलाच्या पूर्वेची जमीन नवाहो राष्ट्राची, म्हणजे नवाहो या मूळनिवासी समाजाच्या स्वायत्त प्रदेशाची आहे, तिथेही परवानगीशिवाय उडवू नये.

बाटलीची बुचं, काचेचे तुकडे, नाणी, वायरचे तुकडे पालक पक्षी उचलतात आणि पिल्लाला भरवतात. पिल्लाचं पोट त्याने तुंबतं. पुलाच्या दोन्ही टोकांना गाड्या थांबतात तिथे खाली पाहा आणि दिसेल ते उचलून न्या.

सुस्त बसलेला पक्षी

हा भाग आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा. मार्च 2023 मध्ये या भागातला एक कॉन्डॉर मलूल दिसला आणि पाहणाऱ्यांना आधी शिशाच्या विषबाधेची शंका आली. निघाला पक्षीज्वर, म्हणजे बर्ड फ्लू. त्या साथीत ॲरिझोना-युटाच्या थव्यातले 21 पक्षी गेले. त्याच वर्षी लसीकरण सुरू झालं.

शिशाची शंका आधी येते याला कारण आहे. शिकाऱ्याची शिशाची गोळी हरणाच्या अंगात फुटली की तिचे बारीक कण आतड्यांत आणि मांसात पसरतात. शिकारी आतडी तिथेच टाकून जातो आणि कॉन्डॉर ती खातो. शिसं रक्तात गेलं की पोटाचं काम थांबतं. पक्षी भरल्या पोटी उपाशी मरतो. या थव्यात कारण कळलेल्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे शिशाचे आहेत. म्हणून पक्षी पकडून त्यांचं रक्त तपासतात आणि शिसं जास्त निघालं तर औषधाने ते शरीराबाहेर काढतात. ॲरिझोनाच्या वन्यजीव खात्याने 2005 पासून ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेच्या कैबाब पठारावरच्या शिकाऱ्यांना बिनशिशाच्या गोळ्या फुकट द्यायला सुरुवात केली, आणि बहुसंख्य शिकारी त्या वापरतात किंवा आतडी उचलून नेतात. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी आहे.

मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल. आपल्याकडची गिधाडं गुरांना टोचलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने गेली. 2006 मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. कॉन्डॉर आणि आपली गिधाडं वेगळ्या कुळांतली, पण विष दोघांच्याही पोटात मेलेल्या जनावरातून गेलं.

फोटोग्राफरने लक्ष ठेवायचं ते यावर: बाकीचे उडून गेल्यावरही दुपारपर्यंत एकच पक्षी जागचा हलला नाही, पंख लोंबले आहेत, डोकं खाली आहे, गळ्याखालची अन्नाची पिशवी काल होती तशीच फुगलेली आहे. असं दिसलं तर जवळ जाऊ नका, खाणं-पाणी टाकू नका. टॅग, वेळ आणि बसण्याची जागा टिपून पुलाच्या पश्चिमेच्या माहिती केंद्रात किंवा या थव्याची देखभाल करणाऱ्या पेरेग्रिन फंडाला लगेच कळवा. इथे वाचता येणारा टॅग पक्ष्याचा जीव वाचवू शकतो.

नोंद पाठवताना

टॅगचा रंग, त्यावरचं अक्षर-अंक, कोणत्या पंखावर, तारीख, वेळ, काय करत होता. एवढं पुरे. वेळेत मात्र इथे हटकून घोटाळा होतो. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नवाहो राष्ट्र करतं, आणि ही हद्द पुलापाशीच आहे. मार्च ते नोव्हेंबर मोबाइल पुलाच्या एका टोकाला एक वेळ दाखवतो, दुसऱ्या टोकाला तासभर पुढची. मोबाइलची आपोआप वेळ बंद करून ॲरिझोनाची ठेवा आणि कॅमेऱ्याचं घड्याळ त्यावर लावा.

मूळ फोटो पाठवा, छाटलेला नको. संगणकावर टॅग पुसून ‘नैसर्गिक’ केलेला फोटो नोंदीसाठी निरुपयोगी आणि बघणाऱ्याची दिशाभूल करणारा. स्पर्धेसाठीही तसं करू नये.

टॅग नसलेला, काळ्या डोक्याचा पक्षी दिसला तर तो बहुधा रानात जन्मलेला आणि अजून न पकडलेला. त्याचे पंखाखालचे आणि डोक्याचे फोटो दोन्ही बाजूंनी घ्या आणि नोंद आवर्जून पाठवा. पण घरटं दिसलं, म्हणजे कड्यातल्या कपारीत पिल्लू किंवा तिथे सतत ये-जा करणारी जोडी, तर जागा फक्त पेरेग्रिन फंडाला सांगा. समाजमाध्यमांवर टाकायच्या फोटोतून जीपीएस काढा आणि मागचा ओळखू येणारा कडा दिसणार नाही असं पाहा. हाच नियम रायगडात झाडांवर वीण करणाऱ्या पांढऱ्या पाठीच्या आणि सह्याद्रीच्या कड्यांवरच्या लांब चोचीच्या गिधाडांनाही लागू आहे. वीण चालू असताना कड्याखाली जमणारी गर्दी तिथेही तितकीच घातक ठरते.

पेज या गावाहून हा पूल गाडीने तासाभराच्या आत येतो. अँटिलोप कॅन्यन करून या रस्त्याने निघालेली मराठी मंडळी इथे दहा मिनिटं थांबून जातात. आदल्या रात्री पेजला मुक्काम करून सूर्योदयाला पुलावर पोचा, म्हणजे पक्षी उठायच्या आधीची दोन-तीन तासांची सकाळ हाताशी राहते. पुलावर पक्षी नसतील तर पश्चिमेला हाउस रॉक व्हॅलीच्या कच्च्या रस्त्यावर व्हर्मिलियन क्लिफ्सचं निरीक्षणस्थळ आहे. तिथे कडा फार दूर आहे, 500 मिलिमीटरलाही पक्षी ठिपकाच येतो; स्कोप, म्हणजे तिवईवरची मोठी दुर्बीण लागते. कड्याच्या कंगोऱ्यांवर चुन्यासारखे पांढरे विष्ठेचे ओघळ शोधा. पक्षी त्यांच्या आसपासच बसलेले असतात. सप्टेंबरच्या अखेरीस नवे पक्षी रानात सोडतात तेही बहुतेक वर्षी इथूनच लोकांना पाहता येतं.